एक यू ८७ आणि तीन तक्रारी

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओतला न्यूमन या जर्मन कंपनीचा यू ८७ मायक्रोफोन माझ्याकडे ऐन जुलैत दुरुस्तीला आला. स्टुडिओचे मालक साठी ओलांडलेले, स्वतः पेटीवादक. काम मुख्यतः अभंग, नाट्यपदं, भावगीतं आणि अधूनमधून पुस्तकवाचन. मायक्रोफोन त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईहून सेकंडहँड घेतलेला. तक्रारी तीन. पावसाळा लागला की गाणं सुरू झाल्यावर थोड्या वेळानं खरखर आणि मधूनच ‘फट्’ असा आवाज. दुसरी, पातळी पूर्वीपेक्षा कमी, प्रीअँप, म्हणजे मायक्रोफोनचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, बराच वर न्यावा लागतो. तिसरी, गाणाऱ्या बाईंचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, आणि ‘चांदणं’मधला ‘च’ तर सुईसारखा लागतो.

या तीन तक्रारींसोबत एक मागणीही होती. “अहो, नवा एआय घ्यायची ऐपत नाही. पण जुना घरात आहेच, तर त्यालाच एआय करून द्या ना. सगळं एकदमच जाईल.”

एआय म्हणजे याच मायक्रोफोनची नंतरची आवृत्ती, यू ८७ एआय. ही मागणी नवी नाही. जुना यू ८७ हातात आला की दर दुसरा माणूस ती करतो. ती समजून घ्यायला या मायक्रोफोनची थोडी पार्श्वभूमी हवी.

यू ८७ बाजारात आला १९६७ साली. त्याच्या आधीच्या यू ६७ मध्ये ईएफ ८६ ही व्हॅक्यूम ट्यूब होती, तिच्यासाठी वेगळा पॉवर सप्लाय आणि जाड केबल लागायची. यू ८७ मध्ये ट्यूबच्या जागी एफईटी, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, आला आणि वीज साध्या मायक्रोफोन केबलमधूनच जाऊ लागली. ही ४८ व्होल्टची फँटम पद्धत न्यूमननं १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम ८४ सोबत दिली होती. तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच फिरवलेले होते, म्हणून आकडा ४८. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मिक्सरवर फँटमचं जे बटण आहे, त्याचं मूळ नॉर्वेतल्या दिव्यांत आहे, याची मला अजून गंमत वाटते.

मूळ यू ८७ मध्ये व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर नाही. फँटममधून जे येतं त्यातलंच कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाच्या, पडद्याला मिळतं, म्हणजे साधारण ४६ ते ४७ व्होल्ट. ऋण व्होल्टेज उपलब्ध नसल्यामुळे ‘आठ’चा पॅटर्न, म्हणजे समोरून आणि मागून ऐकणं, मिळवायला कॅप्सूलचा मागचा अर्धा भाग विजेच्या दृष्टीनं उलटा जोडावा लागतो. त्यासाठी के ८७ या कॅप्सूलच्या दोन्ही पाठपट्ट्या, म्हणजे पडद्यांमागच्या धातूच्या चकत्या, एकमेकींपासून अलग ठेवलेल्या असतात. १९८६ च्या एआय आवृत्तीत आत डीसी कन्व्हर्टर बसवला, व्होल्टेज वाढलं, संवेदनशीलता सुमारे १० डेसिबलनं वर गेली आणि अलग पाठपट्ट्यांची गरज संपली. थोडक्यात, एआय म्हणजे जुन्या सर्किटवर लावलेलं ठिगळ नाही, वेगळं सर्किट आहे. जुन्याचा एआय करायचा तर बोर्ड जवळजवळ नवाच करावा लागतो, आणि मग उरतं ते बाहेरचं धड आणि जाळी.

मी मालकांना एवढंच म्हटलं, “काका, आधी आहे तो नीट करू. मग एआयचं बोलू.”

मायक्रोफोन उघडायच्या आधी मी त्यांच्या स्टुडिओत मीटर घेऊन गेलो. कंडेन्सर मायक्रोफोनची पातळी कॅप्सूलवरच्या व्होल्टेजच्या प्रमाणात असते. ते कमी असेल तर दोष मायक्रोफोनचा नसून त्याला वीज देणाऱ्याचा. एक्सएलआरच्या, म्हणजे मायक्रोफोन केबलच्या तीन पिनांच्या जोडाच्या, १ आणि २ या पिनांमध्ये, मग १ आणि ३ मध्ये व्होल्टेज पाहिलं. प्रमाण ४८ व्होल्ट, चार कमी किंवा चार जास्त चालतात. इथे दोन्ही ठिकाणी ३८ च्या आसपास. मग मिलिअँपिअरवर पिन १ आणि २ जोडून पाहिलं. ६.८ किलोओमच्या रेझिस्टरमधून ४८ व्होल्टवर साधारण ७ मिलिअँपिअर यायला हवेत. इथे साडेपाचच्या आसपास येत होते, म्हणजे रेझिस्टर ठीक, पुरवठाच बसलेला. त्यांचं जुनं मिक्सर होतं, फँटमच्या सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झालेले. ३८ आणि ४८ मधला फरक डेसिबलमध्ये मोजला तर दोनच्या आसपास येतो. सगळी तक्रार यानं मिटत नव्हती, पण एक हिस्सा मायक्रोफोनला हात न लावता सापडला. मालकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं जर्मन वस्तू बिघडली, आणि बिघडलं होतं मिक्सर.

आता मायक्रोफोन.

त्याच्या डब्यात मागच्या दुरुस्तीचं बिल होतं. त्यावर एक ओळ: “पोलरायझेशन व्होल्टेज नाही, रेझिस्टर बदलला.” पोलरायझेशन व्होल्टेज म्हणजे कॅप्सूलला मिळणारं तेच व्होल्टेज. कोणी केलं होतं ते विचारलं नाही. ती ओळ वाचूनच अर्धं प्रकरण उलगडलं.

कॅप्सूलपर्यंत व्होल्टेज नेणारे रेझिस्टर प्रचंड मोठ्या किमतीचे असतात, शेकडो मेगाओम आणि त्याहून वर. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम. समजा वाटेत १००० मेगाओम आहेत आणि मीटरचं टोक तुम्ही थेट कॅप्सूलवर ठेवलं. मीटर स्वतःच व्होल्टेज खाली ओढतो आणि ४६ व्होल्ट असले तरी अर्धा व्होल्टसुद्धा दाखवत नाही. मीटर खोटं बोलत नाही, तो त्या जागी मोजायला आणलेलाच नाही. व्होल्टेज पाहायचं ते रेझिस्टरच्या अलीकडे, जिथून पुरवठा येतो तिथे. मी तिथे पाहिलं, नीट होतं. म्हणजे मागच्या वेळी धडधाकट रेझिस्टर काढून दुसरा बसवला गेला होता. हरकत नाही, नवाही योग्य किमतीचा होता. पण तो बसवताना जे झालं तिथेच खरखरीचं मूळ होतं.

जाळी आणि धड काढल्यावर भिंगाखाली एफईटीच्या गेटजवळचा, म्हणजे कॅप्सूलचा सिग्नल जिथे शिरतो तिथला, भाग पाहिला. नव्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांशी सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट, चिकट थर, त्यात धूळ बसलेली. रेझिस्टरच्या अंगावर बोटाचा ठसा स्पष्ट. साध्या सर्किटमध्ये याला कुणी विचारत नाही. इथे हा ठसाच एक रेझिस्टर होऊन बसतो. कोरड्या हवेत त्याचा रोध इतका मोठा असतो की चालून जातं. जुलैच्या हवेत तो ओला होतो, वीज त्यातून झिरपते, आणि झिरपणं एकसारखं नसतं, थांबत-थांबत होतं. त्या थांबण्याचाच आवाज म्हणजे खरखर.

पण हे सगळं डोळ्यांनी पाहून म्हणणं एक आणि सिद्ध करणं वेगळं. कॅप्सूलची तार सोडवून तिच्या जागी १०० पिकोफॅरडच्या आतला एक चांगला कपॅसिटर जोडला, म्हणजे अँप्लिफायरला वाटावं कॅप्सूल लागलेली आहे. सगळं धातूच्या डब्यात ठेवून हेडफोनवर ऐकलं. शांत. मग डबा उघडून बोर्डावर तोंडानं एक दमट फुंकर मारली आणि परत ऐकलं. काही सेकंदांत खरखर सुरू. म्हणजे कॅप्सूल नसतानाही बोर्ड ओरडत होता.

फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला, आणि धुतला म्हणजे नुसता पसरवला नाही: मऊ ब्रशनं सैल करायचा, टिश्यूनं टिपायचा, परत ताजं अल्कोहोल. रेझिस्टर बदलला, तो चिमट्यानंच धरून. टेफ्लॉनचे आधारखांब, पॅटर्नचा स्विच, त्याच्या पत्र्यांमधली जागा, सगळं त्याच पद्धतीनं. स्विचकडे लोक दुर्लक्ष करतात, पण उंच रोधाची वाट त्याच्यातूनही जाते. नंतर पुन्हा फुंकर मारून ऐकलं, काहीच नाही. एक टँटलम कपॅसिटर गळका निघाला, तोही बदलला. एफईटी मूळचा २एन३८१९ होता आणि गोंगाट करत नव्हता, त्याला हात लावला नाही.

कॅप्सूल परत जोडली. कोरड्या खोलीत स्वच्छ. खिडकी उघडून पावसाळी हवेत अर्धा तास ठेवल्यावर मात्र पुन्हा फट्, पूर्वीपेक्षा कमी, पण होतंच. दोन गळत्या होत्या, एक बुजली.

के ८७ चा पडदा सहा-एक मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टरचा, त्यावर सोन्याचा बाष्पलेप. लेप मधल्या स्क्रूपासून कडेकडे जातो, पण कडेपर्यंत पोचत नाही, अंगठीच्या आत एक बारीक बिनसोन्याची पट्टी मुद्दाम सोडलेली असते. ती पट्टी म्हणजे इन्सुलेशन. भिंगातून पाहिलं तर त्या पट्टीवर, खालच्या बाजूला, राखाडी-तपकिरी ठिपक्यांची रांग. गायकांच्या तोंडचे शिंतोडे, वर्षानुवर्षांचे, वर उदबत्तीचा आणि सिगारेटचा धूर. मधल्या स्क्रूभोवती तसंच कडं. थुंकीत क्षार असतात, क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि सोन्याचा लेप ते धातूची अंगठी असा ओला पूल तयार होतो.

कॅप्सूल साफ करावी की नाही यावर कारागिरांत एकमत नाही. पडदा फाटला किंवा लेप सुटला तर परतीचा रस्ता नाही, मग नवी कॅप्सूल किंवा नव्यानं पडदा चढवणं. दोन्ही महाग आणि दुसऱ्यात आवाज हुबेहूब राहीलच असं नाही. मी हे मालकांना आधी सांगितलं, त्यांनी थोडा वेळ घेतला, पेटीवर दोन स्वर धरून ठेवले आणि म्हणाले, “करा. नाहीतरी वर्षातले चार महिने तो कपाटातच असतो.”

काम असं असतं. कॅप्सूल आडवी धरलेली, पडदा जमिनीच्या दिशेनं थोडा कललेला, म्हणजे थेंब आत झिरपण्याऐवजी खाली लोंबेल. चित्रकाराचा सर्वांत बारीक, मऊ केसांचा ब्रश, बुडवायचा तो फक्त डिस्टिल्ड पाण्यात, अल्कोहोलमध्ये नाही, त्याचं टोक ओलं पण गळणारं नाही. ठिपक्यावर टेकवायचा आणि थांबायचं. घासायचं नाही. पाणी क्षार विरघळवतं, ब्रशचा उपयोग फक्त ते पाणी उचलून न्यायला. मग ब्रश टिश्यूवर कोरडा करायचा, त्याच जागी परत टेकवायचा, उरलेलं पाणी शोषून घ्यायचं. एका ठिपक्यावर हे अनेकदा. पडद्याला केसांचा स्पर्श झाला की तो हलताना दिसतो, प्रकाशाचं प्रतिबिंब थरथरतं, त्यावरून किती दाब पडतोय ते कळतं. धुरामुळे आलेला तेलकट थर पाण्यानं पूर्ण गेला नाही आणि तो जाण्यासाठी मी आग्रहही धरला नाही. तो सगळीकडे सारखा पसरलेला होता आणि वीज वाहून नेत नव्हता. सोन्यावरून ब्रश फिरवून चकाकी आणायचा मोह आवरता आला पाहिजे, चकाकीचा आवाजाशी संबंध नाही.

नंतर कॅप्सूल सिलिका जेलच्या बंद डब्यात. हेअरड्रायर, बल्बची उष्णता वगैरे काही नाही.

मागच्या बाजूच्या पडद्यावरचा एक ठिपका निघाला नाही. त्याच्या आजूबाजूला लेपाला सुरकुती दिसत होती, म्हणून तिथेच थांबलो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, पॅटर्नमध्ये मागच्या पडद्याला ध्रुवीकरणाचं व्होल्टेज नसतं, आणि या स्टुडिओत दुसरा पॅटर्न क्वचितच लागतो.

खरखर गेली, पातळीही सुधारली. राहिली तिसरी तक्रार, टोचणारे स-श. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त रस यातच होता.

या जातीच्या कॅप्सूलचा वरच्या सप्तकातला प्रतिसाद मुळातच चढता असतो, दहा हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा. न्यूमननं तो सर्किटमध्ये खाली आणलेला आहे: आउटपुटकडून मागे येणारी फीडबॅकची वाट, तिच्यात निवडून घातलेले कपॅसिटर, त्यामुळे वरच्या वारंवारतांना लगाम बसतो. कॅप्सूल आणि सर्किट एकमेकांच्या भरवशावर बनवलेली जोडी आहे. आज स्वस्तात मिळणाऱ्या अनेक मायक्रोफोनमध्ये याच धाटणीची कॅप्सूल सपाट सर्किटला जोडलेली असते आणि मग ते कर्कश लागतात. लोक दोष कॅप्सूलला देतात. दोष जोडी मोडण्यात आहे.

आपल्या यू ८७ मध्येही कुणीतरी जोडी मोडलेली होती. फीडबॅकच्या वाटेतल्या एका कपॅसिटरचा एक पाय सोल्डरमधून उचलून तसाच ठेवला होता, नीट, मुद्दाम. मला वाटतं झालं असेल असं: फ्लक्सच्या गळतीमुळे आणि बसलेल्या फँटममुळे आवाज मंद वाटला, मालकांनी ‘दबलाय’ म्हटलं, आणि कारागिरानं लगाम सोडून दिला. एका दिवसासाठी मायक्रोफोन ‘खुलला’. हे मी बिलावरून आणि पायावरून लावलेलं अनुमान आहे, पण दुसरं कारण मला सुचत नाही.

पाय परत बसवला. दोन मिनिटांचं काम. पण मालकांना ते पटवायला वेळ लागला, कारण पहिल्यांदा ऐकल्यावर ते म्हणाले, “बसला हो आवाज. पूर्वी जास्त उघडा होता.” कान सहज फसतो. जास्त चमक असलेली गोष्ट पहिल्या दहा सेकंदांत नेहमी जिंकते. म्हणून पाय सोडून आणि पाय जोडून अशी एकाच बाईंची दोन रेकॉर्डिंग घेतली, अंतर तेच, तानपुरा तोच, अभंग तोच, पातळी कानानं नाही तर मीटरवर जुळवून. कुठली कुठली ते न सांगता ऐकवली. पहिल्या ओळीला काकांनी उघडी निवडली. पूर्ण अभंग संपेपर्यंत त्यांचं मत बदललं होतं. बाई म्हणाल्या, “यात तानपुऱ्याच्या जवारीला आणि माझ्या शब्दाला वेगवेगळी जागा मिळतेय, दुसऱ्यात दोन्ही एकाच ठिकाणी चरचरतायत.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

बदल म्हणाल तर मी एकच केला. मूळ यू ८७ च्या पोटात फँटम नसेल तेव्हासाठी २२.५ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची सोय असते. आता ती कुणी वापरत नाही. या मायक्रोफोनमध्ये कधीतरी एक सेल गळला होता, संपर्काच्या पत्र्यांवर हिरवट पीठ होतं आणि तेही दमट हवेत पाणी ओढणारंच. तो कप्पा काढला, तारा सोडवल्या, पुरवठा थेट केला. काढलेले सुटे भाग नावासकट पाकिटात घालून मालकांना दिले. उद्या कुणाला मायक्रोफोन जसाच्या तसा हवा असेल तर परत बसवता येईल. एकही ट्रॅक कापलेला नाही, एकही भोक पाडलेलं नाही. जुन्या वस्तूत बदल करायचा असेल तर माझी अट एवढीच आहे.

बाकीचे ‘मॉड’ नाकारले. ट्रान्सफॉर्मरकडे जाणारा कपॅसिटर मोठा घालून खर्ज वाढवणं लोकप्रिय आहे. पण मूळ खर्जाचा उतार तिथे मुद्दाम ठेवलेला आहे. मोठा कपॅसिटर घातला की स्टँडची धडधड आणि पंख्याची घरघर ट्रान्सफॉर्मरला आधी पोचते, गायकाचा खर्ज नंतर. एफईटी बदलून ‘आजचा’ बसवण्यातही काही मिळत नाही, उलट बायस, म्हणजे एफईटीला चालायला लागणारं ठरावीक व्होल्टेज, परत लावावा लागतो.

मग एआय. आता सगळं नीट झाल्यावर काकांनी तो विषय परत काढला, आणि त्यांना सरळ उत्तर द्यायला हवं होतं. एआयची जास्त संवेदनशीलता खरी आहे, जुन्याचे ८ मिलिव्होल्ट प्रति पास्कल तर त्याचे २८, आणि त्याचा स्वतःचा गोंगाटही कमी. संतूरचा हळू आलाप किंवा कुजबुजतं वाचन रेकॉर्ड करायचं असेल तर फरक कळतो. पण हार्मोनियम, पखवाज आणि एका हाताच्या अंतरावर उभी राहून गाणारी बाई यात तो फरक लागत नाही. त्यांच्या प्रीअँपमध्ये १० डेसिबल जास्त गेन शिल्लक आहे. आणि मूळ के ८७ कॅप्सूल, मूळ बोर्ड असलेला जुना यू ८७ तसाच राहणं हे त्या वस्तूच्या बाजारभावाच्या दृष्टीनंही शहाणपणाचं. त्यांनी एआयचे पैसे मिक्सरच्या सप्लायवर आणि एका चांगल्या पॉप फिल्टरवर घातले. शिंतोडे पडद्यावर पोचण्याआधी अडवणारी ही एवढीच स्वस्त गोष्ट आहे, आणि ती या स्टुडिओत इतकी वर्षं नव्हती.

पावसाळ्यासाठी नियम: काम संपलं की मायक्रोफोन घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की पुडी तापवून परत कोरडी करायची. थंड एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत काढायचा नाही, पडद्यावर दव बसतं. आणि टेस्ट करताना जाळीवर फुंकर मारायची नाही, चुटकी वाजवा, बोला, काहीही करा.

मागच्या पडद्यावरचा तो ठिपका आहे तसाच आहे. ‘आठ’च्या पॅटर्नमध्ये, हवा खूप दमट असेल तर, मधूनच एक बारीक टिक ऐकू येते. समोरासमोर बसून दोघांनी गायचं काम या स्टुडिओकडे आलं तर मागची बाजू दुरुस्त करून घ्यायची की दुसरा मायक्रोफोन भाड्यानं आणायचा, हे काकांनी तेव्हा ठरवायचं आहे. मी भाड्यानं आणा असं सांगून ठेवलंय.